पाणी किती, हे तांदळाला विचारा

मूळच्या लातूरकडच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. नवऱ्याची बदली झाली म्हणून वर्षभरापूर्वी त्या चिपळूणला आल्या. माहेरी-सासरी ज्वारीची भाकरी हेच जेवण, भात शेवटी चार घास. इथे शेजारच्या काकूंनी गावच्या शेतातला उकडा तांदूळ दिला, गणपतीच्या आधी त्यांनी स्वतः हौसेने बाजारातून तीन किलो लाल तांदूळ घेतला, आणि पुण्याच्या नणंदेने आंबेमोहर पाठवला. तिन्ही एकाच पद्धतीने लावले: वाटीला दोन वाट्या पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. उकडा दाताखाली करकरला, लाल तांदूळ बाहेरून फुटला तरी आत कच्चाच राहिला आणि आंबेमोहराची खळ झाली. त्या विचारतात, प्रत्येक तांदळाचं पाण्याचं माप आणि शिट्ट्या लिहून द्याल का, फ्रिजवर चिकटवून ठेवते. शिवाय दोन किलो लाल तांदूळ अजून डब्यात आहे, त्याचं काय करू?

ताई, मापं देते. पण नुसत्या मापांनी तुमचा भात सुधारणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी कुडाळजवळ खानावळ चालवते, सत्तावीस वर्षं झाली. रोज एक टोप उकड्याचा, एक सुरयचा (म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा) आणि सकाळी पेजेचा वेगळा. इतकी वर्षं होऊनही नवीन पोतं फोडलं की आधी वाटीभर तांदूळ वेगळा शिजवून बघते, मगच मोठा टोप चुलीवर चढतो. लग्न होऊन आले तेव्हा मीही सासूबाईंना हेच विचारलं होतं, पाणी किती घालू. त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "माका कित्याक इचारतंस? तांदळाक इचार." तेव्हा भारी राग आला होता. आता माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींना मी तेच सांगते आणि त्यांच्या तोंडावर तोच राग दिसतो.

तांदळाला विचारायचं म्हणजे त्याचं नाव विचारायचं नाही. नावं पोत्यावर छापलेली असतात आणि पोती कोणीही छापतं. विचारायचं ते हे: बाबा रे, तू उकडलेला आहेस की कच्चा भरडलेला, तुला सडला किती, म्हणजे अंगावरचा कोंडा किती काढला, आणि तुझं वय काय. ही उत्तरं मिळाली की पाणी आणि वेळ आपसूक कळतात. तुमच्या तीन तांदळांची तीन उत्तरं वेगळी होती आणि तुम्ही तिघांना एकाच मापाचे कपडे शिवलेत.

काकूंच्या उकड्यापासून सुरुवात करू, कारण कोकणात आलात म्हणजे त्याच्याशी जमवून घ्यावंच लागेल. इकडे घरात दोन प्रकारचे तांदूळ असतात, उकडा आणि सुरय. सुरय म्हणजे न उकडता तसाच भरडलेला, तुम्ही आयुष्यभर खाल्लात तो. उकड्याची गोष्ट निराळी. भात (इकडे शेतातल्या साळीलाही भातच म्हणतात, गोंधळू नका) रात्रभर पाण्यात भिजत घालायचं. सकाळी मोठ्या हंड्यात उकडायचं. टरफलाला चीर पडून आतला दाणा डोकावायला लागला की उतरवायचं आणि खळ्यात पसरायचं. इथेच खरी मेहनत आहे. कडक उन्हात एका दमात वाळवलं तर दाण्याला आतून तडे जातात आणि गिरणीतून तांदळाऐवजी कणीच येते. सासूबाई भर दुपारी ते गोळा करून गोणपाटाखाली झाकून ठेवायच्या, ऊन कललं की परत पसरायच्या आणि मधूनमधून त्यातून पाय ओढत चालायच्या. पायाने चाळवलेलं भात सारखं वाळतं. चार दाणे सोलून दाताने तोडायचे, कट्‌कन तुटले की गिरणीला न्यायचं.

आता स्वयंपाकघराच्या भाषेत बघा. हा तांदूळ टरफलात असतानाच एकदा शिजलेला आहे आणि वाळताना त्याच्या आतला पिठूळ भाग पुन्हा घट्ट बसलेला आहे. म्हणून दुसऱ्यांदा शिजायला तो वेळ घेतो, आणि शिजल्यावर शितं एकमेकांना चिकटत नाहीत. तीन शिट्ट्यांत तो हसतो नुसता. उकडताना आणखी एक गोष्ट घडते. कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे नंतर सडला तरी सगळं कोंड्याबरोबर निघून जात नाही. ह्या जीवनसत्त्वाचा सुगावा लागला तोही तांदळातूनच. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आयक्मान ह्या डच डॉक्टरच्या लक्षात आलं की पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, माणसांना बेरीबेरीत पडतात तसे, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालायला लागतात. त्या कामासाठी १९२९ साली त्याला नोबेल मिळालं. आमच्याकडे अर्थात कोणी जीवनसत्त्वासाठी भात उकडलं नाही. गिरणीत कमी तुटतो आणि दुपारपर्यंत पोटात दम धरतो, एवढं लावणीला जाणाऱ्या माणसाला पुरे होतं.

शिजवायचा असा. वाटीभर उकडा तीन पाण्यांनी धुवा आणि तासभर भिजत ठेवा. टोपात सहा वाट्या पाण्याचं आधण ठेवा. आधण चांगलं फुटलं की तांदूळ वैरा, पुन्हा उकळी आली की आच मध्यम करा आणि झाकण तिरकं ठेवा, घट्ट झाकलंत तर उतू जाऊन गॅस विझेल. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, जाड दाण्याला पन्नासही. शिजला का हे वरच्या शितावरून ठरवू नका, तळातली तीन-चार शितं पळीने वर घ्या. स्टीलच्या ताटलीवर ठेवून अंगठ्याने दाबा. शीत सपाट होऊन सगळीकडे सारखं दिसलं तर झाला. मधोमध खडूच्या ठिपक्यासारखा पांढरा टिंब दिसला तर कणी राहिली आहे, अजून पाच मिनिटं द्या. ही परीक्षा कुठल्याही तांदळाला चालते आणि शिट्ट्या मोजण्यापेक्षा शंभर पटीने खरी आहे. मग झाकण धरून टोप कलता करा आणि पाणी वेळून काढा. टोप पुन्हा मंद आचेवर पाच मिनिटं, आणि गॅस बंद करून दहा मिनिटं झाकलेला. ह्या दहा मिनिटांत उघडून बघायचं नाही. बाहेरच्या थरातलं पाणी आत मुरतं ते तेव्हाच.

वेळलेलं पाणी मोरीत ओतू नका. चिमूटभर मीठ घालून गरम प्या, नाहीतर आमटीत घाला. कुकरच हवा असेल तर वाटीला साडेतीन वाट्या पाणी, मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग अगदी बारीक आचेवर वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर शितं फुटतात.

उकड्याचा वास पहिल्यांदा अंगावर येतो, हे खरं आहे. भिजवण जास्त वेळ झालं तर भाताला आंबूस कुबट वास राहतो, तो दोष करणाऱ्याचा. पण नीट केलेल्या उकड्यालाही ओल्या टरफलाचा एक वास असतोच. तो सोसायला शिका. माझ्याकडे मुंबईहून येणारे पाहुणे पहिल्या दिवशी "पांढरा भात नाही का" विचारतात आणि तिसऱ्या दिवशी उकडाच मागतात. त्याचं कारण आमटी. ओल्या खोबऱ्याच्या दाट वाटपाची बांगड्याची आमटी मऊ भातावर ओतली की दोन्ही मिळून लगदा होतो. उकड्याचं शीत आमटीत बुडूनही शीतच राहतं. बासमतीबरोबर ही आमटी खाणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, गिऱ्हाईक आहेत.

आणि पेज. तुम्ही लातूरच्या, तुम्हाला अंबिलीची सवय असेल, तिची ही कोकणातली बहीण समजा. अर्धी वाटी उकडा, पाच वाट्या पाणी, तास-सव्वा तास मंद आच. पहिली चाळीस मिनिटं नुसतं पाण्यात तांदूळ पोहतो आहे असंच दिसतं, आणि नवीन माणूस इथे कंटाळून गॅस मोठा करतं. करू नका. शितं फुलून तोंड उघडायला लागली की पाणी हळूहळू दुधाळ होतं, पळी फिरवताना हाताला जडपणा जाणवतो, आणि पळीच्या पाठीवर पातळसा थर राहायला लागतो. तेव्हा उतरवायची. मीठ शेवटी. ती निवताना आणखी दाट होते, म्हणून चुलीवर असताना थोडी पातळच वाटली पाहिजे. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला कांशाच्या वाटीत पेज, खोबऱ्याचा तुकडा, लोणच्याची फोड किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. ताप आलेल्याला, बाळंतिणीला आणि आदल्या रात्री जास्त झालेल्याला, तिघांनाही हीच देतात.

आता लाल तांदूळ. तांदळाचा लाल रंग दाण्याच्या पोटात नसतो, वरच्या कोंड्याच्या थरात असतो. लाल जातीचं भात गिरणीत पूर्ण सडलं तर तेही पांढरंच निघतं. म्हणजे लाल दिसतो आहे याचाच अर्थ कोंडा अंगावर आहे, आणि कोंडा म्हणजे रेनकोट, पाणी सहज आत जाऊ देत नाही. तुमचा दाणा बाहेरून फुटला आणि आत कच्चा राहिला तो यामुळे. बाहेरचं आवरण कुकरच्या दाबाने फाटलं, आत पाणी पोचायला वेळच मिळाला नाही. उपाय भिजवणं, दुसरा नाही. रात्री भिजत घाला, निदान पाच तास तरी. भिजवणाचं पाणी गुलाबीसर होईल, घाबरू नका, रंग मारलेला नसतो तो. मग वाटीला तीन वाट्या पाणी आणि उकड्यासारखीच मंद आच. कुकरमध्ये एक शिट्टी आणि बारा-पंधरा मिनिटं. कधी-कधी लाल तांदूळ उकडाही असतो, तेव्हा वेळ आणखी वाढवा. दाणा उजेडात धरून बघा. कच्चा भरडलेला दाणा आतून दुधी-पांढरा असतो, उकडलेला थोडा काचेसारखा आरपार दिसतो.

सिंधुदुर्गात लाल वालय अजून काही घरं हट्टाने लावतात. रायगड-ठाण्याच्या खाडीकाठच्या खारजमिनीत राता हा लाल तांदूळ व्हायचा, त्यातल्या काळा राता आणि भुरा राता ह्या खारं पाणी सोसणाऱ्या जाती पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने निवडून काढलेल्या आहेत. चवीला ह्या सगळ्या तांदळांमध्ये एक भाजक्या दाण्यासारखा गोडवा असतो. पण रोज दोन्ही वेळा लाल तांदूळ खायचाच, असा जो आरोग्याचा पंथ सध्या निघाला आहे, त्यात मी नाही. चावायला वेळ लागतो, मुलं कंटाळतात, आणि शेवटी भात तो भातच, लाल म्हणून दुप्पट वाढून घेतला तर साखर वाढायचीच.

तिसरा प्रश्न वयाचा, आणि अनुभवी बायकांनाही आडवा येतो तो हाच.

एका नवरात्रात माझ्याकडे साठ माणसांची पंगत होती. खानावळ नवीन, हात नवा. नेहमीचा तांदूळ संपला म्हणून बाजारातून पोतं मागवलं. दुकानदार म्हणाला, वर्षाचा जुना आहे. नेहमीच्या मापाने पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि भाजी चिरायला बसले. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर टोपात भात नव्हता, एक चकचकीत गोळा होता, झारा घातला तर झाऱ्याबरोबर सगळंच वर येत होतं. परातीत पसरला, तेल शिंपडलं, पंख्याखाली ठेवला, काही उपयोग झाला नाही. थोडा दह्यात कालवून मुलांना वाढला, अर्धा टोप शेजारच्या गोठ्यात गेला, आणि पंगत पाऊण तास खोळंबली. दुकानाचं नाव कशाला घेऊ, मीच दाणा चावून बघितला नव्हता.

झालं होतं असं. कोकणात भाताच्या हळव्या, निमगरव्या आणि गरव्या जाती असतात. हळवं भात नव्वद-शंभर दिवसांत तयार होतं आणि दसऱ्याच्या आगेमागे बाजारात येतं, गरवं त्यानंतर महिना-दीड महिन्याने. माझ्या पोत्यात होता तो पंधरा दिवसांपूर्वी कापलेला हळवा. नवीन तांदूळ शिजताना आतला चिकट अंश भराभर पाण्यात सोडतो. सहा महिने, वर्ष ठेवला की दाणा आतून आवळतो, पाणी जास्त पितो, लांब होतो आणि चिकटत नाही. म्हणून एकाच शेतातल्या, एकाच जातीच्या तांदळाला दिवाळीत पावणेदोन वाट्या पाणी लागतं आणि पुढच्या श्रावणात सव्वादोन. फ्रिजवरचा तुमचा कागद इथेच खोटा पडतो.

वय ओळखायचं कसं? चार कच्चे दाणे दाढेखाली धरा. जुना कट्‌ आवाज करून तुटतो, नवा मऊसर चुरतो आणि पीठ दाढेला चिकटतं. मूठभर तांदूळ तळहातावर चोळा आणि हुंगा: नव्याला हिरवट, गवतासारखा वास येतो. जुन्याची पांढराई किंचित पिवळट झालेली असते. तरी खात्री नसेल तर वाटीभर शिजवून बघा, किंवा सरळ भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढा. वेळलेल्या भातात पाण्याचं माप चुकण्याचा प्रश्नच नाही, शीत बघायचं आणि ओतायचं. कुकर यायच्या आधी बायका भात वेळायच्या त्या माप कळत नव्हतं म्हणून नव्हे, तांदळाचा भरवसा नव्हता म्हणून.

नवा तांदूळ वाईट, असा मात्र अर्थ काढू नका. मोदकाला, भाकरीला, घावण्यांना, गुरगुट्या भाताला नवाच बरा. जुना मसालेभाताला आणि वालाच्या भाताला.

ह्यावरून नणंदेच्या आंबेमोहराकडे वळते. पहिली शंका ही की तो आंबेमोहर आहे का. आंबेमोहराचा दाणा आखूड आणि बुटका असतो, पीक कमी येतं, म्हणून महाग पडतो. बाजारात त्याच्या नावाने दुसरेच सुवासिक तांदूळ सर्रास विकले जातात, बऱ्याचदा इंद्रायणी. इंद्रायणी ही आंबेमोहराचीच लेक म्हणायची, वडगाव मावळच्या केंद्रात आंबेमोहर आणि आयआर-८ ही भरघोस पिकणारी जात यांच्या संकरातून काढलेली. दाणा आईपेक्षा लांब, वास जरा कमी, चिकटपणा भरपूर. खायला छानच आहे, फक्त आंबेमोहराचे पैसे देऊन घेऊ नका.

दोघांनाही कुकरची मोठी आच सोसत नाही. आंबेमोहर धुऊन रोवळीत, रोवळी नसेल तर चाळणीत, अर्धा तास निथळत ठेवा. वाटीला दोन वाट्या पाण्याचं आधण, त्यात वैरा, एक उकळी आल्यावर आच अगदी मंद आणि झाकण घट्ट. बारा मिनिटांत होतो. तो जो मोहराचा वास आहे तो उडून जाणारा असतो, उघड्या टोपात ढवळत बसलात तर शेजाऱ्यांना वास आणि तुम्हाला भात. ज्या द्रव्यामुळे हा वास येतो तेच बासमतीत असतं, आणि तेच आमच्या परसात वाढणाऱ्या अन्नपूर्णेच्या लांब हिरव्या पानातही. साध्या जाड्या तांदळाच्या आधणात त्या पानाचा वीतभर तुकडा टाकला की पाहुण्याला फसवता येतं. मी फसवत नाही. पान ताटात ठेवते, म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळतं.

आंबेमोहराची खळ झाली म्हणून तुम्ही हळहळलात, पण रत्नागिरीकडे तो मुद्दामच तसा करतात. वाटीला चार-साडेचार वाट्या पाणी, शितं मोडेपर्यंत शिजवायचा, पळीने घोटायचा. हा गुरगुट्या भात. वर मेतकूट, मीठ आणि सैल हाताने तूप. बाहेर पाऊस कोसळत असताना सकाळी आठ वाजता हा भात मिळाला तर पोह्या-उपम्याची आठवण होत नाही. तुमची चूक एवढीच की तो वरणाबरोबर वाढलात.

रोजच्या वरण-भाताला, आमटीला, सोलकढीला कोलम घ्या आणि मोकळ्या व्हा. बारीक दाणा, जुना असेल तर सव्वादोन वाट्या पाणी, कुकरमध्ये डब्यात लावला तर दोन शिट्ट्या. पालघर जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर प्रत्येक पोत्यावर वाडा लिहिलेलं दिसायला लागलं. एवढं भात वाड्यात कुठे पिकतं, हा हिशोब कोणी मागत नाही. सुवासिक हवा असेल आणि घाट चढून कोल्हापूरकडे जाणारं कोणी असेल तर आजरा घनसाळ मागवा. हलका, मोकळा होतो आणि वास जेवण संपेपर्यंत टिकतो.

पीठ आणि कणी यावर थोडंच सांगते, नाहीतर हे उत्तर चतुर्थीपर्यंत चालेल. मोदकाची पिठी विकतची आणलीत तर मोदक फुटल्याचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका. ती पिठी कशी, कधी, कोणत्या तांदळाची दळली ते तुम्हाला माहीत नसतं. नवा आंबेमोहर किंवा इंद्रायणी धुवा, कपड्यावर सावलीत वाळवा आणि हाताला दमट लागेनासा झाला की बारीक दळा. उन्हात वाळवलेल्या तांदळाची उकड कोरडी होते. जेवढी पिठी तेवढंच पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. पाणी खळखळलं की पिठी घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळायची, झाकण ठेवून दोन वाफा आणायच्या आणि हाताला सोसेल इतकी गरम असतानाच पाण्याचा-तेलाचा हात लावून मळायची. पारी करताना कडेला चिरा पडल्या तर मळणं कमी पडलं आहे. आणखी पाणी ओतू नका, आणखी मळा. हीच उकड भाकरीला. इकडची तांदळाची भाकरी हातावर किंवा परातीत थापतात, आणि ज्वारीची भाकरी थापणारा तुमचा हात चार दिवसांत ती शिकेल. ह्यात तुम्ही आमच्यातल्या कितीतरी जणींच्या पुढे आहात.

चाळल्यावर उरलेली कणी टाकू नका. आंब्या-फणसाच्या दिवसांत रसात भिजवून सांदणं करा, एरवी भाजून गूळ-खोबऱ्याची खांडवी. उकड्याची कणी असेल तर पेज, आणखी काय.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. कोकणच्या दमट हवेत दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवायची सवय लावून घेऊ नका. तांदळात एका जिवाणूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात ती भराभर वाढून विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून तास-दीड तासात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याचा फोडणीचा भात करा. थंड झालेला उकडा त्यासाठी सगळ्यांत उत्तम, कढईत अजिबात तुटत नाही.

तर कागदावर लिहायचंच असेल तर पेन्सिलीने लिहा. जुना कोलम सव्वादोन वाट्या, नवा पावणेदोन, आंबेमोहर दोन, लाल भिजवून तीन, उकडा कुकरात साडेतीन आणि टोपात भरपूर. शेजारी तारीख टाका. दर पोत्याला वाटीभर शिजवून बघा, आकडा खोडा, नवा लिहा.

राहिला तुमचा दोन किलो लाल तांदूळ. तो गणपतीच्या आधीचा, म्हणजे आत्तापर्यंत त्याला बरेच महिने झाले. लाल तांदळाच्या कोंड्यात तेल असतं, त्यामुळे तो पांढऱ्यासारखा टिकत नाही, खवट होतो. आज डब्यात हात घालून मूठभर काढा, चोळून गरम करा आणि हुंगा. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर मोह धरू नका, कोणाच्या कोंबड्या असतील त्यांना घाला. वास स्वच्छ असेल तर किलोभर काढून धुऊन वाळवा, दळून आणा आणि महिन्याभरात घावणे करून संपवा. पीठ ताकासारखं पातळ कालवायचं, बिडाचा तवा चांगला तापला की वाटीने कडेकडेने ओतायचं, जाळी पडली पाहिजे. पहिला घावणा तव्याला चिकटणारच, तो धरू नका. उरलेला किलो काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि पुढच्या वेळी लाल तांदूळ अर्धा किलोच घ्या.